अकरा इंचांचं जहाज

१

“हे माझं जहाज नाही,” मामा म्हणाले.

टेबलावरची चादर त्यांनी नुकतीच उचलली होती आणि ती अजून त्यांच्या हातातच होती. खोलीत आम्ही आणखी चौघं होतो. मामांची मुलगी, जिला मी लहानपणापासून ताई म्हणते. तिचा नवरा, म्हणजे माझे भावोजी. संग्रहालयासाठी जुने डच कागद वाचणारे प्राध्यापक. आणि मी, मामांची भाची. आम्हा चौघांना टेबलावर जहाजच दिसत होतं, आणि तेही मामांचंच.

साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका डच मालवाहू जहाजाची ती प्रतिकृती होती. लांबी दोन हातांहून थोडी कमी. पोट फुगीर, वरचा डेक चिंचोळा, मागून पाहिलं तर उभ्या ठेवलेल्या नासपतीसारखं. डोलकाठ्या अजून चढवायच्या होत्या. पाण्याखाली राहणाऱ्या भागाला पांढरा लेप होता. समुद्रातली कीड लाकूड पोखरते, म्हणून त्या काळी चरबी, राळ आणि गंधक एकत्र उकळून जहाजांच्या पोटाला फासत.

मामा मूळचे कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढणारे. निवृत्तीनंतर ते या जहाजाच्या मागे लागले, आणि मामी गेल्यावर तर दुसरं काही उरलंच नाही. मागच्या वर्षी त्यांच्या मेंदूत रक्ताची छोटी गुठळी झाली. तेव्हापासून अधूनमधून शब्द हरवतात. पाना हवा असला तर ‘ते पिळायचं’ म्हणतात. हात मात्र शाबूत.

प्राध्यापक उगाचच हसले. भावोजी पुढे झाले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “बाबा, तुम्ही दमलात. कालचा अख्खा दिवस दवाखान्यात गेला.”

“दमलो म्हणून डोळे गेले का माझे? मागचा भाग बघा. बसलाय खाली. हे माझं नाही.”

मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते जहाजाच्या मागच्या टोकाशी वाकले. पांढऱ्या लेपावरून बोट फिरवलं. नाक जवळजवळ टेकेल इतक्या जवळून पाहिलं. बराच वेळ ते तसेच वाकून होते. सरळ झाले तेव्हा त्यांचा आवाज निराळा होता.

“राहू द्या. माझंच असेल. मीच विसरलो असेन.”

ते आमच्यापैकी कुणाकडेही पाहत नव्हते. चादरीची चौघडी घालण्यात गढल्यासारखे दिसत होते.

डॉक्टरांनी आदल्याच दिवशी बजावलं होतं: रोजच्या वस्तू ओळखू येईनाशा झाल्या की धारदार हत्यारं काढून घ्यायची आणि त्यांना एकटं सोडायचं नाही. ताई दिवसभर नोकरीवर असते. तिनं शहराबाहेरच्या एका वृद्धनिवासात चौकशी करून ठेवली होती. तिथे खोली मिळत होती, होय किंवा नाही हे उद्या कळवायचं होतं. संग्रहालयाची गाडीही जहाज न्यायला उद्याच यायची होती. त्यासाठीचं लाकडी खोकं आधीच येऊन टेबलाशेजारी पडलं होतं. डोलकाठ्या आणि दोर चढवायचं काम मामांनी तिथे बसून करायचं ठरलं होतं. आता ते कोण करू देणार होतं?

पटाश्या, कानशी, छोट्या करवती ठेवलेलं कपाट ताईनं लावलं, डाव्या हातानं किल्ली फिरवली आणि पर्समध्ये टाकली. मामा किल्लीकडे पाहत राहिले.

मला चैन पडेना. स्वतःची वस्तू न ओळखणारा माणूस घाबरतो, नाहीतर भांडतो. मामा आधी भांडले. मग त्यांनी काहीतरी पाहिलं, आणि त्यानंतर माघार घेतली.

काय पाहिलं होतं त्यांनी?

२

मी लाकडाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. पर्समध्ये व्हर्नियर असतो. भावोजी त्यावरून कायम टिंगल करतात, की बायका कंगवा ठेवतात आणि ही मोजपट्टी ठेवते. मला हाकसुद्धा ते ‘प्रयोगशाळा’ अशीच मारतात.

प्राध्यापक गेले आणि ताई औषधं आणायला बाहेर पडली. मामा खिडकीशी बसले होते. मी व्हर्नियर काढला.

“काय मोजतेस?” त्यांनी विचारलं.

“मागच्या भागाची उंची.”

“मोजायचं काय त्यात? सोड.”

ते उठले, टेबलावरची त्यांची लाकडी पट्टी उचलली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून दिली. मला ती पट्टी लागणार नव्हती. तिच्यावर किती खुणा होत्या ते मला पाठ होतं.

तो किस्सा घरात सगळ्यांना माहीत होता. जहाजाचा नकाशा असा कुठेच नव्हता. डच सुतार नकाशा काढत नसत. बांधायला देणारा आणि बांधणारा यांच्यात ठरलेली मापं तेवढी कागदावर उरली होती: इतके फूट, इतके इंच. प्राध्यापकांनी ती वाचून दिली आणि मामांनी जहाज बांधलं. पूर्ण झालं, शिडंसुद्धा चढली, आणि मामांची तगमग सुरू झाली. मागचा भाग बसका वाटतो म्हणत ते घरभर फिरायचे. शेवटी प्राध्यापकांनी त्या शहरातल्या सुतारांच्या एका जुन्या पट्टीचा फोटो दाखवला. मामांनी भिंग लावून खुणा मोजल्या. त्या शहराचा फूट अकरा इंचांचा होता. प्राध्यापकांनी सवयीनं बारा धरले होते.

पूर्ण फुटांची मापं दोन्ही हिशेबांत सारखीच येतात. फरक पडतो तो वरच्या इंचांत. कागदात ‘सात फूट दहा इंच’ असेल, तर अकरा इंची फुटात ते दहा इंच म्हणजे जवळजवळ आणखी एक फूटच. बारा इंची फुटात ते त्याहून कमी भरतात. या प्रतिकृतीत हा फरक नखाच्या जाडीएवढा येतो. पण तो मागच्या प्रत्येक मजल्यात साठत जातो, आणि जहाजाचं बूड बसल्यासारखं दिसतं. तेही ज्याला दिसतं त्यालाच.

म्हणून मामांनी दुसरं जहाज बांधलं, पहिल्या फळीपासून. पहिलं मोडून टाकल्याचं आम्हाला कळलं होतं.

मी तीन ठिकाणी मोजलं. मग पुन्हा मोजलं. तिन्ही मापं बारा इंची हिशेबात चपखल बसली. अकरा इंची हिशेबात एकही बसेना.

टेबलावर पहिलं जहाज होतं. मोडून टाकलेलं.

“मामा, तुम्ही बरोबर होतात,” मी म्हणाले.

मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा उजळेल. त्यांनी खिशातल्या पट्टीवर हात ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “कुणाला सांगू नकोस.”

३

कुणाला सांगू नकोस म्हटल्यावर माणूस कुणाला तरी विचारायला जातो. मी संग्रहालयात गेले.

प्राध्यापकांचं ऑफिस म्हणजे पायऱ्यांखालची एक खोली होती. त्यांच्यावर माझा संशय होता आणि तो लपवण्याइतकी मी हुशार नाही. बारा इंची मापांवर त्यांनी लेख छापला होता. अकरा इंची जहाज नाहीसं झालं, तर त्या लेखाला खोटं पाडणारी वस्तूच जगात राहत नव्हती. शिवाय आदल्या दिवशी दुपारी, मामा आणि भावोजी दवाखान्यात आणि ताई रजा घेऊन घरी असताना, ते फोटो काढायला घरी येऊन गेले होते. हे मला ताईनंच सकाळी सांगितलं होतं, आणि जरा घाईनं सांगितलं होतं.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मध्येच पेनाचं टोपण काढायचे, मध्येच लावायचे.

“मॅडम, माझ्यावर संशय घ्यायला जागा आहे हे मी मान्य करतो. तुमच्या जागी मीही घेतला असता. पण जरा इकडे या.”

त्यांनी कपाटामागून एक पाटी काढली. जहाजाच्या काचपेटीशेजारी लावायची होती, छापून तयार होती. तीवर अकरा इंची फुटाची सगळी हकिकत होती आणि ती चूक मामांनी शोधल्याचंही लिहिलं होतं. लेखाची दुरुस्तीही छापून येऊन गेली होती. त्यावरून त्यांना बरोबरीच्या लोकांची बरीच बोलणी खावी लागली होती, असं त्यांच्या सांगण्यावरून दिसलं.

“माझी चूक लाकडात उभी कुठे असेल, तर ती त्या पहिल्या जहाजात. ते मी लपवीन, की काचपेटीत ठेवून शेजारी स्वतःच ही पाटी लावीन? पहिल्याच जाणकार माणसानं मला पकडलं असतं.” मग जरा थांबून म्हणाले, “ते मोडलं असं कळलं, तेव्हा खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं. वाईट एवढंच वाटलं की त्याची शिडं मामींनी शिवली होती. आजारपणात. सुंदर टाके होते.”

त्यांचं म्हणणं मला पटलं. हरवलेल्या जहाजाचा त्यांना फायदा होता, पण परत आलेल्या जहाजाचा तोटा त्याहून मोठा होता.

मी कालचे फोटो मागितले. त्यांनी ते मोबाइलवर दाखवले. जहाज आडवं करून पोटाचा जवळून फोटो घेतला होता. पिवळसर पांढऱ्या लेपाखाली बारीक ठिपक्यांच्या रांगा दिसत होत्या.

“हे ठिपके कसले?”

यावर ते खुलले. बाकीचे लोक आधी जहाजाचा सांगाडा उभारतात आणि त्यावर फळ्या ठोकतात, पण हे डच सुतार उलटं करत. आधी तळाच्या फळ्या एकमेकींशेजारी धरायच्या, वरून लाकडाचे तुकडे ठोकून त्या तात्पुरत्या जोडायच्या, आणि फासळ्या मागाहून बसवायच्या. तुकडे काढले की खिळ्यांची भोकं उरत. त्यांत ते लाकडाच्या खुंट्या मारत. समुद्रातून निघालेल्या जुन्या फळ्यांवर त्या खुंट्या आजही दिसतात. पहिलं जहाज मामांनी सांगाड्यावर बांधलं होतं. दुसरं त्या सुतारांच्या पद्धतीनं, प्रत्येक भोकात खुंटी मारून.

“आधी साल, मग हाडं,” प्राध्यापक म्हणाले. “हे मामांचं वाक्य.”

फोटोत ठिपके होते. आज सकाळच्या जहाजाचं पोट भिंतीसारखं सपाट पांढरं होतं.

म्हणजे काल दुपारी टेबलावर खरं जहाज होतं. आणि प्राध्यापक निघाले, तेव्हा घरात एकच माणूस उरलं होतं. निदान मला तोवर तसं वाटत होतं.

४

घरी आले तेव्हा भावोजी चहा करत होते. ताई पलीकडच्या खोलीत मामांच्या लोकरी कपड्यांना नावाच्या चिठ्ठ्या शिवत होती. वृद्धनिवासात धुण्यात कपडे बदलतात म्हणे.

मी जहाजाच्या तळाचा लेप नखाएवढा खरवडून आणला होता. चमच्यात घेऊन गॅसवर धरला. मामांनी उकळलेल्या लेपाचा डबा ओट्याखाली होताच. त्यातला थोडा दुसऱ्या चमच्यात घेतला. मामांचा लेप वितळला आणि गंधकाच्या वासानं भावोजी शिंकले. खरवडलेला वितळला नाही. काळा पडला, गोळा झाला, जळक्या प्लास्टिकसारखा वास आला.

“खिडक्यांचा रंग,” भावोजी म्हणाले. “मागच्या महिन्यात आणलेला. प्रयोगशाळा, स्वयंपाकघरात नको गं हे उद्योग.”

“काल तुम्ही मध्येच घरी आला होतात का?”

त्यांनी चहाखालचा गॅस बारीक केला. मग सांगितलं. जुन्या तपासण्यांची फाइल घरीच विसरली होती, म्हणून मामांना दवाखान्यात रांगेत बसवून ते ती न्यायला आले होते. किल्लीनं दार उघडलं. मागच्या खोलीतून ताईनं ओरडून सांगितलं, फरशी ओली आहे, आत येऊ नका. केस वाळवायच्या मशीनचा आवाज येत होता. ते फाइल घेऊन दारातूनच परत गेले.

“न्हायली असेल म्हटलं.”

“संध्याकाळी केस मोकळे होते तिचे?”

“छे. तेल लावून वेणी. सकाळी घातली होती तीच...”

ते थांबले. कप बशीत ठेवताना त्यांच्या हातून चहा सांडला. तो त्यांनी फडक्यानं पुसला, मग कोरडा ओटाही पुसत राहिले.

“मी काही बोललो नाही हं,” ते म्हणाले.

मी आणखी एकच विचारलं. पहिलं जहाज मोडलं कुणी? त्यांनी फडकं पिळलं. मग म्हणाले, बाबांना स्वतःच्या हातानं ते होईना, म्हणून त्यांनी ताईकडे दिलं होतं. तिनं आठवडाभरानं सांगितलं, मोडलं.

मी टॉर्च घेऊन मागच्या खोलीत गेले आणि सकाळी मामा जिथे वाकले होते तिथेच वाकले. तिरका उजेड टाकला की रंगातले ब्रशचे फटकारे दिसतात. इथे प्रत्येक फटकारा उजवीकडे जाड सुरू होऊन डावीकडे पातळ होत गेला होता. वळणापाशी ब्रश उचलताना हुकासारखा एक छोटा आकडा काढलेला होता, म्हणजे रंगाचा ओघळ येत नाही. ती मामांची पद्धत. फक्त मामांचे आकडे उजवीकडे वळतात, हे डावीकडे वळले होते. मामा उजव्या हाताचे आहेत.

त्या रात्री मी तिथेच राहिले. पांघरूण मागितलं, तर ताईनं स्वतःच्या अंगावरचं काढून दिलं. जास्तीची पांघरुणं ती ज्यावर झोपते त्या दिवाणात असतात, हे मला आणि तिला दोघींना माहीत होतं. मला झोप लागली नाही. पलीकडे तीही कूस बदलत होती, दिवाण करकरत होता.

५

सकाळी ती मामांची बॅग भरत होती. मी जाऊन दिवाणावर बसले.

“ताई, ऊब होती का रात्री?”

“हो. का?”

“पांघरुणाशिवाय?”

तिनं हातातला स्वेटर उलगडला आणि पुन्हा घडी केला.

मी तिला सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. दुपारच्या फोटोत ठिपके होते, सकाळी नव्हते. मधल्या वेळात घरात फक्त ती होती. भावोजी दारातूनच परत गेले. केस वाळवायची मशीन कोरड्या केसांसाठी चालू नव्हती. आणि जगातल्या कुणालाही नको असलेलं, चुकीचं ठरलेलं जहाज जपून ठेवील असं एकच माणूस होतं. कारण त्याची शिडं तिच्या आईनं शिवली होती.

“डावा हात बघितलास ना तू,” ती म्हणाली. “शाळेतही त्यानंच पकडले जायचे.”

मग ती खाली बसली आणि बोलायला लागली. प्राध्यापक गेल्यावर तिनं जहाज खोक्यात बसतंय का ते पाहायला उचललं होतं. मामांना आयतं मिळावं, एवढंच मनात होतं. जहाजाखालच्या लाकडी बैठकीचा पाय सरकला. नाक खोक्याच्या कोपऱ्यावर आपटलं आणि पुढच्या फळ्या उसवल्यासारख्या सुटल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. तिला ते एकच वाक्य ऐकू येत राहिलं. दिवाणात पहिलं जहाज होतं. डोलकाठ्या उतरवल्या, बुडाला पांढरं केलं, वाळवलं. बाबांची नजर पूर्वीची राहिलेली नाही, त्यांना कळणार नाही असं तिला वाटलं.

“आणि त्यांना कळलं,” मी म्हणाले.

“पहिल्याच मिनिटाला. मी सांगणार होते गं. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात हे म्हणाले, बाबा, तुम्ही दमलात. मग तुम्ही सगळे त्यांच्याकडे कसे बघायला लागलात, आठवतंय? कीव आल्यासारखे. आणि मला दिसलं, की मी काहीच केलं नाही तरी चालणार आहे.”

ती स्वेटरची बाही बोटाभोवती गुंडाळत होती.

“वर्ष झालं. रात्री गॅस बंद आहे का बघायला उठते, मग ते श्वास घेतायत का बघते. त्या वृद्धनिवासाला होय म्हणायला मला कारण हवं होतं. असं कारण, की कुणी मला बोल लावणार नाही. ते माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.”

“त्यांना कळलंय ताई.”

“जहाज बदललं ते?”

“कुणी बदललं ते.”

तिच्या हातातला स्वेटर खाली पडला. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. संग्रहालयाची गाडी आली होती.

६

दिवाणाच्या पोटात, पांघरुणांच्या मधोमध, मामींच्या शालीत ते गुंडाळलेलं होतं. ताईनं ते तसंच उचलून मागच्या खोलीत नेलं. भावोजी गाडीवाल्याला थांबवायला खाली गेले. जाताना ते ताईच्या खांद्याला हात लावून गेले, नेहमीची काही चेष्टा न करता.

मामा टेबलाशी बसले होते. ताईनं पहिलं जहाज बाजूला सरकवलं आणि शाल त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती स्वतः सोडली. नाकाच्या फळ्या उघड्या पडल्या होत्या, आतली फासळी दिसत होती, खुंट्यांचे ठिपके मात्र जागच्या जागी होते. त्यांनी ते जहाज दोन्ही हातांनी थोडं वर उचललं आणि मागचा भाग डोळ्यांच्या रेषेत आणून पाहिला.

“हे,” ते म्हणाले. मग विचारलं, “आपटलं कशावर?”

“खोक्याच्या कोपऱ्यावर.”

“हं. एका बाजूनंच सुटलंय.”

ताई उभीच होती. “बाबा, तुम्हाला कालच कळलं होतं?”

“तो आकडा मी शिकवलाय तुला. खिडक्या रंगवत होतो आपण. ऐकायचीस कुठं, डाव्यानंच काढायचीस.”

“मग बोलला का नाहीत? मी कपाटाची किल्ली काढून घेतली, तरी बोलला नाहीत.”

“मला वाटलं, तू बोलशील.”

ते फार साधेपणानं म्हणाले. कालचा संपूर्ण दिवस माझ्या डोळ्यांसमोर नव्यानं उभा राहिला. मामा खिडकीशी बसलेले, पलीकडे लोकरी कपड्यांना चिठ्ठ्या शिवल्या जात असलेल्या, आणि ते वाट पाहत होते. वेडे ठरत वाट पाहत होते. मी त्यांची अब्रू राखायला धावाधाव करत होते, आणि ते मला मोजू नकोस म्हणत होते, कारण माझ्या मोजण्यानं ताईच्या बोलण्याची संधी संपणार होती.

“मला वाटलं, तुम्ही खरंच विसरलात,” ताई म्हणाली.

मामांनी चष्मा काढून पुसला.

“वाटलं, की वाटून घेतलंस?”

ताईनं पर्समधून किल्ली काढली आणि टेबलावर, दोन जहाजांच्या मध्ये ठेवली.

“मी थकलेय बाबा.”

“माहितेय. मला सगळं दिसतं. शब्द तेवढे सापडत नाहीत.”

भावोजी वर आले. गाडीवाला विचारत होता, नेण्यासारखं काही आहे की रिकामा जाऊ? मामांनी पहिल्या जहाजाकडे बोट केलं. हे न्या म्हणाले, आणि प्राध्यापकांना सांगा, पाटी बदला. चूक आधी दाखवा, मग दुरुस्त केलेलं दाखवू. शिडंही द्या बरोबर. प्राध्यापक काय म्हणतील याचा अंदाज करून भावोजींना त्या सकाळी पहिल्यांदाच हसू आलं. ताईनं दिवाणातून शिडांची पुडी आणली, पण ती लगेच त्यांच्या हातात दिली नाही. एक टाका अंगठ्यानं चाचपून पाहिला, मग दिली.

मामांनी कपाट उघडलं. सुटलेल्या फळ्या त्यांनी एकेक करून पाहिल्या. सांगाड्यावर ठोकलेलं असतं तर सगळं नाक फोडावं लागलं असतं, असं मला समजावून सांगितलं. या पद्धतीत तेवढ्याच फळ्या काढून, वाफेवर वाकवून पुन्हा एकमेकींना लावता येतात. फक्त कुणीतरी धरायला लागतं.

“धर,” ते ताईला म्हणाले.

तिनं फळी धरली. तिच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. तो कुठून येत असणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं पर्सकडे पाहिलं, मामांनीही पाहिलं. कुणी हललं नाही. फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला.

मामांनी वाकून फटीत पाहिलं. मान न उचलता हात पुढे केला. “ते दे. ते... आपलं ते...” बोटं हवेत काहीतरी पकडू पाहत होती. त्यांच्या कपाळावर आठी आली. शब्द कुठेतरी जवळच असावा आणि सापडत नसावा, तशी.

ताईनं उजव्या हातानं फळी तशीच धरून ठेवली आणि डाव्या हातानं चिमटा त्यांच्या बोटांत दिला.